मैलाच्या दगडावरची फांदी

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मिलिटरीत गाडी चालवायला शिकलो आणि तिथंच शिव्याही शिकलो. गावाकडे परत आल्यावर दोन्ही गोष्टी सुटल्या नाहीत. शाळेच्या गाडीवर लागलो तेव्हा हेडमास्तरांनी पहिलीच अट घातली, पोरांसमोर शिव्या द्यायच्या नाहीत. मी म्हणालो, "साहेब, पोरायसमोर नाही देणार. पण बैलगाडीवाले पोरायत धरायचे का?" ते हसले नाहीत, पण नोकरी दिली.

तेव्हा महाराष्ट्र नवा-नवा झाला होता. मोताळ्याकडच्या आमच्या भागात नवीन हायस्कूल निघालं होतं आणि शाळेनं लिलावात मिलिटरीचा एक जुना ट्रक घेतला होता. मलकापूरच्या सुतारानं त्यावर लाकडी सांगाडा चढवला, आत फळ्यांची बाकडी ठोकली आणि झाली शाळेची बस. थंडीत हँडल मारता मारता खांदे निखळायची वेळ यायची. चढावर पाणी उकळायचं, म्हणून सीटखाली पाण्याचा डबा कायम भरलेला. रोहिणखेडच्या अंगानं सहा गावांची पोरं घेऊन मी शाळेत पोचायचो आणि पाच वाजता परत सोडायचो. पोट्टे मला मामा म्हणायचे. माझ्या सख्ख्या भाच्यांनी कधी म्हटलं नसेल एवढ्या वेळा मी त्या गाडीत मामा झालो.

गावं सगळी सडकेपासून आत, कुठं मैलभर, कुठं दोन मैल. पोरगं येणार की नाही हे मला कसं कळायचं? वाट पाहत बसलो तर पहिली घंटा चुकायची, न पाहता निघालो तर पोरगं मागून बोंबलत यायचं. मग आम्ही एक रीत काढली. प्रत्येक फाट्यावर मैलाचा दगड होता. गावातून पहाटे कोणी ना कोणी सडकेवर यायचंच, कोणी दूध घेऊन, कोणी कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याला निघालेलं. पोरगं येणार नसेल तर त्या माणसानं कडुनिंबाची एक फांदी तोडून मैलाच्या दगडावर ठेवायची आणि वर खडा ठेवायचा. फांदी दिसली की मी पोरासाठी वाट पाहत थांबायचं नाही. फांदी नसली की थांबायचं, मग हेडमास्तर काहीही बोलोत. पोरांनाही एकच कायदा होता. एकदा दगडापाशी आलात की गाडी येईपर्यंत दगड सोडायचा नाही.

फांदी ठेवायचं काम त्यांचं, काढायचं माझं. रोज उतरून ती काढून बांधापलीकडे फेकायची, म्हणजे आजची फांदी उद्याला लागत नाही. वेचणीच्या दिवसांत सगळ्या दगडांवर फांद्याच फांद्या. अर्धी शाळा कापसात. मी उतरायचो, काढायचो, फेकायचो, चढायचो. कंटाळा यायचा, खरं सांगतो. पण कधी चुकलो नाही. एकदा सोडून.

ती पोरगी आठवीपासून गाडीत यायला लागली. तिचं गाव सडकेपासून दोन मैल आत आणि त्या गावातून हायस्कुलात जाणारी ती एकटीच. पहिल्या दिवशी तिचा बाप सोबत आला. पाच-सहा एकरांचा कास्तकार, बोलायला कमी. त्यानं आधी गाडीची चाकं पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. म्हणाला, "पोरगी तुमच्या मागच्या बाकड्यावर बसन. दिवेलागणीच्या अंदर घरी पायजे."

मी म्हणालो, "हाव. माही जबाबदारी."

माझी जबाबदारी. किती सहज बोलून गेलो बाप्पा!

ती माझ्या पाठीमागे बसायची आणि मोठ्यानं वाचायची. गाडीच्या खडखडाटात मनात वाचलेलं तिला लागायचं नाही म्हणे. मी चौथी पास, त्यातही चौथीत दोन वर्षं. पण तिच्या तोंडून मी आठवीचं मराठी ऐकलं, नववीचा इतिहास ऐकला, दहावीचा भूगोल ऐकला. कुठला राजा कुठं हरला, पाऊस कुठून येतो, सगळं मला त्या बाकड्यावरून कळलं. आज मी हे जे चार शब्द लिहू शकतो ते तिच्यामुळे. माझ्या शिव्यांवर तिनं एक इलाज काढला होता. समोर एखादी बैलगाडी आडवी आली आणि माझ्या तोंडून शिवी गेली की ती पटकन पुस्तक मिटायची.

"काऊन बे, थांबली काऊन?" मी विचारायचो.

"तुम्ही शिवी देली मामा. आता उद्याच वाचीन."

धडा नेमका रंगात आलेला असायचा. मी दिवसभर जळफळायचो. हळूहळू अशी सवय लागली की शिवी ओठावर आली की मी गिळायचो, आणि मागून तिचं हसू ऐकू यायचं. ते हसू ऐकायला मी आजही काय वाट्टेल ते द्यायला तयार आहे.

तिचा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. चौथीनंतर शाळा सोडलेला. पहाटे अंधारातच दुधाची केटली घेऊन सडकेवर यायचा, एसटीवर चढवायचा आणि परत जायचा. ती येणार नसेल तर फांदी तोच ठेवायचा. बाकीचे एक खडा ठेवायचे, हा दोन ठेवायचा, एक देठावर आणि एक पाल्यावर. मी एकदा चिडवलं, "काऊन बे, फांदी पळून चालली का?" तर म्हणाला, "मागच्या टायमाले हवेनं उडाली मामा. तुम्ही घंटाभर थांबले अन् पोट्ट्यायले मार बसला." असा पोरगा. पण बहिणीच्या शिक्षणावर त्याची कुरकुर होती. बहिणीचं लग्न झाल्याशिवाय त्याचं होणार नव्हतं आणि ती तर पुस्तकं सोडायला तयार नव्हती. "हिचं मॅट्रिक होईस्तोर मी म्हातारा होतो," असं तो माझ्यासमोरच बोलायचा. ती चिडायची.

बापानं तिच्याशी बोली केली होती. अकरावीला मॅट्रिकच्या परीक्षेला बसायचं, एकदाच. पास झाली तर मास्तरणीचं ट्रेनिंग, नाही झाली तर त्याच उन्हाळ्यात लग्न. एक स्थळ ठरल्यातच जमा होतं, तिकडे खाली बीबी गावचं. ते लोक निकालापर्यंत थांबायला तयार होते, त्यापुढे नाही. तिनं मला हे सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, "तू मास्तरीण झाली का तुह्या शाळेची गाडी मीच चालवीन." ती म्हणाली, "मंग शिव्या बंद." ठरलं आमचं.

परीक्षेआधी अकरावीच्या पोरांना अभ्यासाची सुट्टी लागली. बाकीच्या वर्गांसाठी गाडी रोज जायचीच. तिच्या दगडावर रोज भावाची फांदी असायची, दोन खड्यांची, आणि मी रोज ती काढून फेकायचो. मागचं बाकडं रिकामं आणि गाडीत नुसता पोट्ट्यांचा कलकलाट. मला करमत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नेमकी तिच्याच फाट्यावर एक बैलगाडी सडकेच्या मधोमध आडवी. गडी आरामात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा नीट करत बसलेला. मी हॉर्न वाजवला. त्यानं हात केला, थांबा म्हणून. पुस्तक मिटणारं कोणी गाडीत नव्हतं. मग काय, दोन वर्षं गिळलेल्या सगळ्या शिव्या मी त्या दिवशी बाहेर काढल्या. त्याच्या बैलांपासून सुरू केलं ते त्याच्या आजोबांपर्यंत गेलो. तोही काही कमी नव्हता. दहा मिनिटं आम्ही एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी त्यानं गाडी काढली आणि मी तसाच फणफणत गिअर टाकून निघालो. दगडावरची फांदी मला दिसली होती. उतरलो नाही. रागात उतरायचं राहून गेलं.

एवढंच. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी पहिला पेपर. गाडी अकरावीच्या पोरांना घेऊन थेट मलकापूरला जायची, तिथं सेंटर होतं. पेपर अकराचा. तिच्या दगडाशी आलो आणि पाहतो तर फांदी. आज कशी फांदी? पण ती एकदा बोलली होती की परीक्षेच्या दिवसांत मलकापूरला मावशीकडे राहीन कदाचित. मी म्हटलं, गेली असेल मावशीकडे. मागून पोरं ओरडत होती, "मामा चला, उशीर होऊन राह्यला." मी केबिनमधून पाहिलं तर फांदीचा पाला लोंबलेला होता. मार्चातलं ऊन, तोडलेला कडुनिंब एका दिवसात मान टाकतो. खेड्यातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं की ही कालची फांदी आहे. मलाही कळायला पाहिजे होतं. मी उतरलो असतो, हातात घेतली असती, तर कळलंच असतं. उतरलो नाही.

मलकापूरला पोरं उतरली. मास्तरांनी डोकी मोजली आणि विचारलं, "ती कुठंय?" मी म्हणालो, मावशीकडून येईल. मावशीचं घर जवळच होतं, एक पोरगं धावत जाऊन आलं. मावशी म्हणाली, इकडे नाही आली.

त्या क्षणी मला ती लोंबलेली पानं डोळ्यांपुढे दिसली.

मी कोणालाही न विचारता गाडी वळवली. रिकामी गाडी, वीस मैल. आयुष्यात एवढी गाडी मी कधी दामटली नाही. लाकडी सांगाडा इतका वाजत होता की वाटलं, तुटून सडकेवर पडतो. फाट्यावर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते.

ती दगडावर बसलेली होती. नवं लुगडं, केसांना तेल, मांडीवर दप्तर, हातात दौत. देवळात नारळ फोडून यायला आईनं थोडा उशीर केला होता आणि लांबूनच तिला माझ्या गाडीची धूळ दिसली होती. मला पाहून ती उठली. रडली नाही. म्हणाली, "मले माहीत होतं तुम्ही येसान. डोकी मोजसान अन् एक कमी भरन."

"एसटी नाही आली का वं, बाई?"

"आली होती. कंडक्टर म्हणे, चल मलकापूर. मी म्हटलं, आमची गाडी येते."

दगड सोडायचा नाही, हा कायदा माझा होता. तिनं तो पाळला.

परत जाताना चढावर पाणी उकळलं. डबा ओतला, पुन्हा निघालो. अर्ध्या तासापर्यंत उशिरा आलेल्याला आत घेत होते. आम्ही पोचलो तेव्हा पंचेचाळीस मिनिटं होऊन गेली होती. हेडमास्तरांनी हात जोडले, मी तर त्या पहारेकऱ्याच्या पायाच पडलो, पण नियम तो नियम. ती फाटकाशी उभी राहून आतल्या खिडक्यांकडे पाहत होती. मग वळली आणि गाडीत येऊन आपल्या बाकड्यावर बसली.

त्या दिवशी तिनं वाचलं नाही. मीही शिवी दिली नाही.

ऑक्टोबरात बसवा, असं हेडमास्तर तिच्या बापाला सांगून आले. बाप म्हणाला, "गुरुजी, बोली एकदाची होती." हेडमास्तरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला वाटलं ती मावशीकडे गेली. ते काही खोटं नव्हतं. पण फांदीचं मी कोणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, त्याहून जास्त भीती तिला तोंड दाखवायची होती. तिनंही फांदीचा विषय काढला नाही. मी परत गेलो तेव्हा फांदी दगडावर नव्हती, मला वाटलं आधीच पडली असेल, तिला माहीतच नसेल. वैशाखात तिचं लग्न झालं. मी गेलो नाही, गाडीचं काम काढून बसलो.

त्यानंतर त्या गावातून कोणी पोर आलं नाही. आत दुसरीकडे शाळा झाली, पोरं तिकडे जायला लागली. तरी मी रोज त्या दगडापाशी गाडी थांबवायचो. पोट्टे विचारायचे, "मामा, इथं तर कोणीच नसते, काऊन थांबता?" मी म्हणायचो, "इंजन गार होऊ द्या बे." डिसेंबरच्या थंडीतही मी इंजिन गार करायचो. रस्त्यात एखादी नवी पोरगी मोठ्यानं वाचायला लागली की मी कान द्यायचो आणि मग लक्ष काढून घ्यायचो, कारण तो आवाज तो नव्हता. मला तिचा निकाल ऐकायचा होता. जो निकाल कधी लागणारच नव्हता, त्याची मी वाट पाहत राहिलो. नऊ वर्षं.

मग एका सकाळी दगडाशी थांबलो तर दगडावर एक बाई बसलेली. सोबत पत्र्याची पेटी आणि सहा-सात वर्षांची पोरगी. बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामा, जागा आहे का?"

आवाज ऐकल्याबरोबर ओळखलं. उतरून तिची पेटी वर चढवली. ती तिच्याच बाकड्यावर बसली. बाप वारला होता, तेराव्याला आली होती, आता सासरी परत निघालेली. मोताळ्याहून गाडी पकडायची आणि पुढे दोन-तीन गाड्या बदलून बीबी. बोली थोडी तिकडची झाली होती, 'मले'चं 'मला' झालं होतं. थोडा वेळ गेला की पुन्हा 'मले' यायचं.

तिची पोरगी मोठी तुरतुरी. तिनं विचारलं, "आई, तू यांना मामा काऊन म्हणते?"

"सारे पोट्टे म्हणतात."

"मग हे माहेही मामा का? मले मामाच नाही."

मी हसलो. म्हणालो, "असं कसं बे? दोन खड्यांवाला मामा हाय ना तुहा. दूध घेऊन येत होता थो."

आरशात पाहिलं तर तिचं तोंड फिरलेलं. म्हणाली, "त्याचं नाव काढू नका मामा. त्यानंच तर त्या दिवशी फांदी ठेवली होती. माह्या परीक्षेच्या दिवशी. दोन खड्यांची. मी दगडावर आली तं पाहिली ना. त्याले लग्नाची घाई झाली होती. मी फांदी फेकली अन् घरी कोणाले बोलली नाही, बाबानं त्याले झोडपलं असतं. पण तवापासून त्याच्याशी शब्द नाही, राखी नाही. बाबा मरतानी म्हणे, भावाशी बोल. मी नाही बोलली."

मी गाडी बाजूला घेतली. मागे पंचवीस पोरं होती. इंजिन बंद केलं. नऊ वर्षं मला वाटत होतं की मी तिची परीक्षा घालवली. तिचा भाऊही मीच घालवल्याचं मला माहीतच नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, मागे न पाहता, "थे फांदी आदल्या दिवशीची होती. काढायचं काम माहं होतं. मी गाडीवानाशी भांडत बसलो अन् उतरलो नाही. तुह्या भावानं त्या दिवशी काहीच ठेवलं नाही. पाला वाळलेला होता, तुले दिसलं नसन."

तिनं पोरीला जवळ ओढलं.

मग ती म्हणाली, "नऊ वर्षं मामा?"

"हाव."

"एक डाव सांगायचं होतं."

तिनं पेटी उचलली, पोरीचा हात धरला आणि खाली उतरली. मी म्हणालो, "बस, मी गाडी वळवतो, गावापर्यंत नेऊन सोडतो." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "नका. तुमच्या पोरायले वेळेवर शाळेत न्या."

आणि ती माघारी चालायला लागली, फाट्याकडे, गावाकडे. मी आरशात पाहत राहिलो. पोरगी मागे वळून वळून बघत होती, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. ती माझ्यावर रागावली की मला माफ केलं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी हँडल मारलं, पोरं घेतली आणि तिच्या दगडापाशी आलो. रोजच्यासारखा ब्रेक लावला.

दगडावर कडुनिंबाची फांदी होती. एक खडा देठावर, एक पाल्यावर.

त्या गावातून आता कोणी शाळेत येत नव्हतं. ही रीत माहीत असलेला आणि दोन खडे ठेवणारा माणूस त्या गावात एकच होता, आणि बहिणीनं सांगितल्याशिवाय त्याला काही कळणार नव्हतं. म्हणजे ती त्याच्याशी बोलली होती. मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि खुशाल रडलो, पोट्ट्यांसमोर.

मग खाली उतरलो. दोन्ही खडे बाजूला केले आणि फांदी हातात घेतली. पानं ताठ होती, देठाला ओल होती. मागून एक पोट्टं ओरडलं, "मामा, फांदी हाय ना! मंग काऊन थांबले?"

फांदी म्हणजे थांबायचं नाही. कोणी येणार नाही, तुम्ही जा. मला ते कळत होतं. गावाकडची पायवाट दोन मैलांपर्यंत रिकामी दिसत होती. तरी मी फांदी हातात घेऊन तिथं थोडा वेळ थांबलो, आणि मग गाडी काढली.